क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्सची इंजेक्शनं कोणी घेतली आहेत का?

मीनल_नाशिक:

नमस्कार मंडळी. वय ३६, नाशिकला मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. अर्धशिशी कॉलेजपासून आहे. तेव्हा महिन्यातून दोन-तीनदा डोकं उठायचं, पाळीच्या आधी किंवा कडक उपास घडला की. मुलगी झाल्यावर त्रास वाढत गेला आणि आता अशी वेळ आली आहे की डोकं न दुखलेला दिवसच लक्षात राहतो. निम्म्याहून जास्त महिना डोक्यातच जातो. डाव्या कानशिलात ठणका, मग मळमळ, मग खिडकीचा पडदा ओढून पडून राहायचं.

औषधं बरीच झाली. दमा असल्यामुळे प्रोप्रॅनोलॉल देता येत नाही. फ्लुनारिझिनने वजन वाढलं. अमिट्रिप्टिलिनने सकाळची शाळा गाठणं मुश्कील झालं. टोपिरामेटने डोकेदुखी थोडी उतरली, पण बोटांना मुंग्या यायच्या आणि शब्द आठवायचे नाहीत. एकदा फळ्यावर आकृती काढली आणि 'क्षेत्रफळ' हा शब्दच तोंडात येईना. पाचवीची मुलं माझ्याकडे बघत बसली होती. त्या दिवसानंतर मी डॉक्टरांना सांगून ती गोळी बंद केली.

आता न्यूरोलॉजिस्ट म्हणतात बोटॉक्स घेऊन बघू. दर तीन महिन्यांनी, डोक्यात आणि मानेत ३१ ठिकाणी सुया. ऐकूनच पोटात गोळा आला. नेटवर वाचलं तर अर्धी पानं सुरकुत्यांबद्दलच. घरी सांगितलं तर सासूबाई काळजीने म्हणाल्या, "अगं, चेहरा वाकडा झाला तर?" आधी सुंठीचा लेप, नाकात तूप, सगळं त्यांनी स्वतः हाताने केलं आहे, त्यामुळे त्यांची काळजी मी समजू शकते.

ज्यांनी प्रत्यक्ष घेतलं आहे त्यांनी सांगा. किती दुखतं? गुण येतो का, आणि कधी? एकदा सुरू केलं की जन्मभर का? चेहरा थिजल्यासारखा होतो का? मला शाळेत मुलांसमोर उभं राहायचं असतं.

वाटसरू:

मीनलताई, त्रास वाचून वाईट वाटलं. पण जरा थांबून विचार करा असं मला मनापासून वाटतं. बोटॉक्स म्हणजे बोटुलिनम, आणि ते जगातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी एक आहे. ते डोक्यात टोचून घ्यायचं म्हणजे मोठी गोष्ट आहे. माझ्या आईला शिरोधारा, ठरलेल्या वेळी जेवण आणि रात्री दहाला झोप एवढ्यावर पुष्कळ आराम पडला. तिची अर्धशिशी तुमच्याइतकी नव्हती हे खरं. तरी आधी हे सगळं नीट करून बघितलं आहे का?

रेडिंगकर:

मीनल, वयाने लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते. मी मूळची साताऱ्याची, आता इंग्लंडात रेडिंगला असते. क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्स बरीच वर्षं घेते आहे. सविस्तर लिहिते, कारण मला हवं होतं तेव्हा मराठीत असं लिहिलेलं काहीच सापडलं नव्हतं.

सगळ्यात आधी डायरी. आज रात्रीपासून सुरू कर. वही नको, मोबाईल नको, स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कॅलेंडर घे. डोकं दुखलं त्या दिवसाच्या चौकटीत एक तिरकी रेघ. मायग्रेन असेल, म्हणजे ठणका, मळमळ, उजेड-आवाज सहन न होणं, तर फुली. गोळी घेतली तर खाली टिंब, आणि कुठली गोळी त्याचं पहिलं अक्षर. एवढंच, दहा सेकंदांचं काम. याशिवाय बोटॉक्स घेऊ नकोस असं मी ठामपणे सांगेन, कारण हा उपाय लागू पडतो आहे की नाही ते दिवस मोजूनच कळतं. डोकेदुखी पूर्ण थांबत नाही, ती कमी होते, आणि कमी झालेली गोष्ट माणूस फार पटकन विसरतो. वाईट आठवड्यात बसून "काही फरक नाही" म्हणून सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत. मागचं कॅलेंडर काढून मोजलं असतं तर त्यांचे महिन्याचे सहा-सात दिवस परत मिळालेले दिसले असते.

डॉक्टरही तेच विचारतील. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले निदान ८ दिवस मायग्रेनचे, आणि हे तीन महिन्यांहून जास्त काळ चालू, याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. मायग्रेनमध्ये बोटॉक्सला मान्यता आहे ती यासाठीच. महिन्यातून चार वेळा डोकं उठणाऱ्याला त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. इकडे एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, २०१२ पासून नाईस या संस्थेचे नियम आहेत: आधी निदान तीन प्रतिबंधक औषधं घेऊन झालेली हवीत आणि पेनकिलरचा अतिवापर आटोक्यात आणलेला हवा. दोन वेळा बोटॉक्स देऊनही डोकेदुखीचे दिवस ३० टक्क्यांनी कमी झाले नाहीत तर बंद. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. तू भारतात आहेस, तुला तो लागू नाही, पण स्वतःपुरता जरूर लावून घे. पैसे तुझ्या खिशातून जाणार असतील तर आणखीच.

वाटसरू, तुमचा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. विष आहेच. म्हणून तर ते कुठे आणि किती द्यायचं यावर इतकं काम झालं आहे. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी ते तिरळेपणासाठी वापरलं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी त्याला मान्यता मिळाली. पुढे नव्वदीच्या दशकात बेव्हर्ली हिल्सचे प्लास्टिक सर्जन विल्यम बाइंडर यांना त्यांच्याकडे सुरकुत्यांसाठी येणारे लोक सांगू लागले की आमची डोकेदुखीही कमी झाली. तिथून ही वाट निघाली. मायग्रेनसाठीची मान्यता २०१० ची. झोप, जेवणाच्या वेळा, पाणी हे सगळं मीही पाळते, त्याने मदत होते, पण ज्याचा निम्मा महिना अंथरुणात जातो त्याला तेवढं पुरत नाही.

आकडेही प्रामाणिकपणे सांगते. 'प्रीएम्प्ट' नावाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून १३८४ रुग्ण. सुरुवातीला त्यांचे महिन्याला साधारण २० दिवस डोकेदुखीचे होते. चोविसाव्या आठवड्याला बोटॉक्सवाल्यांचे दिवस सरासरी ८.४ ने कमी झाले आणि नुसतं सलाईन टोचलेल्यांचे ६.६ ने. म्हणजे दोन गटांतला फरक दोन दिवसांहूनही कमी! हे वाचून मी खट्टू झाले होते. पण सरासरीत काहींना खूप आणि काहींना शून्य असं दोन्ही मिसळलेलं असतं. ज्यांचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले असे बोटॉक्सच्या गटात ४७ टक्के होते, सलाईनच्या गटात ३५. तू कुठल्या बाजूला पडशील ते आधी कोणीच सांगू शकत नाही. घेऊनच बघावं लागतं.

हे काम कसं करतं? स्नायू ढिले पडतात म्हणून डोकं थांबतं असं पूर्वी वाटायचं. आता समजलं आहे ते असं: कपाळ, कानशील, मान इथल्या वेदनेच्या नसांच्या टोकांतून सीजीआरपीसारखी रसायनं बाहेर पडतात आणि मेंदूला भडकवत राहतात. बोटॉक्स त्या टोकांत शिरून ही रसायनं बाहेर सोडणारं एक प्रथिन तोडतं. घंटेच्या लोलकाला फडकं गुंडाळावं तसं. घंटा हलते, पण नाद घुमत नाही. नसांची टोकं पुन्हा पूर्ववत होतात म्हणून दर १२ आठवड्यांनी परत घ्यायचं.

आता सुयांचं. इंजेक्शन म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे दंडातली सुई येते. ही तशी नाही, केसासारखी बारीक आणि अर्ध्या इंचाची असते. मला खुर्चीत बसवतात, कपाळ आणि मान स्पिरिटने पुसतात. भुवयांच्या मध्ये आणि दोन्ही भुवयांच्या आतल्या टोकांशी मिळून ३, कपाळावर ४, दोन्ही कानशिलांवर चार-चार, डोक्याच्या मागे तीन-तीन, मानेच्या वरच्या भागात दोन-दोन आणि खांद्यांवर तीन-तीन. झाल्या ३१. प्रत्येक ठिकाणी ५ युनिट, एकूण १५५. जिथे जास्त दुखतं तिथे थोडं वाढवून १९५ पर्यंतही देतात. भुवयांतल्या सुईने डोळ्यांत पाणी येतं. कपाळात सुई जाताना बारीक करकर ऐकू येते, ती ऐकून पहिल्यांदा घाबरायला होतं, पण त्यात काही वावगं नाही. कानशिलाच्या वेळी नर्स दात आवळायला सांगते, म्हणजे स्नायू बोटाला लागतो. मानेच्या वेळी हनुवटी छातीकडे. खांद्यांवरच्या सुया मला तर जाणवतही नाहीत. पंधरा मिनिटांत सगळं आटोपतं. कपाळावर बारीक फुगवटे येतात, ते तास-दोन तासांत जिरतात. मी बसने घरी येते. त्या दिवशी डोकं चोळायचं नाही, तेल लावायचं नाही, आणि काही तास आडवं व्हायचं नाही असं आमच्याकडे सांगतात.

गुण लगेच येत नाही. दहा-बारा दिवस तर काहीच कळत नाही. पहिल्या फेरीनंतर मला थोडासाच फरक होता, आणि मान मात्र आठवडाभर जड झाली होती. बेसिनवर वाकून केस धुताना डोकं उचलायला हाताचा आधार लागायचा. पुढच्या वेळी नर्सला सांगितलं तर तिने मानेतल्या सुया थोड्या वर, कवटीच्या कडेजवळ घेतल्या आणि तो त्रास गेला. तू हे आधीच सांगून ठेव. तसंच कपाळावरच्या सुया वरच्या भागात घ्यायला सांग. खाली घेतल्या तर भुवया जड होतात. पापणी उतरण्याचा प्रकार शंभरात तीन-चार जणांना होतो, तो काही आठवड्यांत आपोआप जातो. सासूबाईंना सांग, चेहरा सहसा वाकडा होत नाही. कपाळाला आठ्या पडत नाहीत एवढंच. हसणं, बोलणं, ओरडणं सगळं शाबूत राहतं. पाचवीच्या वर्गाला भुवया उंचावून धाक दाखवत असशील तर तेवढं मात्र तीन महिने जमणार नाही.

दुसऱ्या फेरीनंतर माझं कॅलेंडर बदललं. फुल्या कमी झाल्या, आणि ज्या दिवशी फुली होती त्या दिवशी ट्रिप्टानच्या, म्हणजे मायग्रेन उठल्यावर घ्यायच्या, एका गोळीवर भागायला लागलं. पूर्वी त्या गोळीचा उपयोगच व्हायचा नाही. इकडच्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी आता आरतीला शेवटपर्यंत उभी राहते. कापूर, धूप, टाळ, छोट्याशा हॉलमध्ये दीडशे माणसं. पूर्वी मी प्रसादाच्या ताटांच्या निमित्ताने बाहेर जाऊन गाडीत बसायची.

जन्मभर घ्यावं लागत नाही. सवय लागत नाही. महिन्याचे डोकेदुखीचे दिवस १५ च्या खाली येऊन सलग तीन महिने तसेच राहिले तर आमच्याकडे थांबवून बघतात. काहींचं तसंच टिकतं, काहींना पुन्हा सुरू करावं लागतं. माझं शेवटच्या दोन आठवड्यांत ओसरायला लागतं, हे मला कॅलेंडरवरूनच कळलं. त्या दोन आठवड्यांत मी पाहुणे, प्रवास असं काही ठेवत नाही.

औषधवाली_परळ:

मी हॉस्पिटलच्या फार्मसीत काम करते. रेडिंगकरताईंनी रुग्णाच्या बाजूने सगळं लिहिलं आहे. मी व्हायलच्या, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीच्या, बाजूने थोडं सांगते, कारण आपल्याकडे रुग्ण हे विचारायला बिचकतात.

१५५ युनिट द्यायचे म्हणजे १०० युनिटच्या दोन व्हायल लागतील. व्हायल समोर फोडायला सांगा आणि तिच्यावरचा बॅच नंबर केस पेपरवर लिहून घ्या. आत पावडर असते, ती दिसतही नाही इतकी थोडी. तळाला हलका पांढुरका थर दिसला तर दिसला. फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, साध्या सलाईनमध्ये अलगद विरघळवायची आणि २४ तासांत वापरायची. १०० युनिटमध्ये २ मिली सलाईन घातलं की ०.१ मिलीत ५ युनिट येतात, हीच एका ठिकाणची मात्रा. म्हणून "आधीच भरून ठेवलेलं आहे, कालचं उरलं आहे" असं कुठे ऐकलं तर तिथून उठा.

आणखी एक. बोटॉक्स, डिस्पोर्ट, झिओमिन या बोटुलिनमच्या वेगवेगळ्या ब्रँडची युनिटं एकमेकांशी जुळत नाहीत. वर दिलेले १५५ चे आकडे बोटॉक्सचेच आहेत. कुठलं देणार आहेत ते नावानिशी विचारा. आणि हे न्यूरोलॉजिस्टकडे किंवा मायग्रेनची पद्धत शिकलेल्याकडेच घ्यायचं. पार्लरला जोडलेल्या क्लिनिकमध्ये कपाळापुरतं देतात, त्याने मायग्रेनचं काम होत नाही.

डॉक्टरांना न विसरता सांगायच्या गोष्टी: मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं चालू असतील तर ती. गिळायला, बोलायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर, काही तासांनी असो की काही आठवड्यांनी, थेट हॉस्पिटल गाठायचं. मायग्रेनच्या मात्रेत हे अगदी क्वचित होतं, पण अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर चौकटीत छापलेला इशारा हाच आहे.

मीनल, तुम्ही पेनकिलरबद्दल काही लिहिलं नाहीत. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी महिन्यातून १५ दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामिन किंवा कॅफीन घातलेली मिश्र गोळी १० दिवस, याच्या वर गेलं की ती गोळीच डोकेदुखी वाढवू लागते. आमच्या काउंटरवर अशा मिश्र गोळ्यांची पट्टी दर आठवड्याला नेणारी माणसं येतात. मी प्रत्येकाला बाजूला घेऊन सांगते. काही ऐकतात.

मीनल_नाशिक:

किती बारकाईने लिहिलंत तुम्ही दोघींनी. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं, सासूबाईही ऐकत होत्या. त्यांनीच आठ्यांचं ऐकून विचारलं, "मग दुखायचं थांबेल ना तिचं?" त्यांची अर्धी भीती गेली.

औषधवाली ताई, हो, कॅफीनवाली मिश्र गोळी घेते. मोजलं नव्हतं. पण बाईंच्या पर्समध्ये पट्टी असतेच हे वर्गातल्या मुलींनाही माहीत आहे, यावरून समजा. ती आधी पूर्ण सोडल्याशिवाय बोटॉक्स देत नाहीत का?

रेडिंगकरताई, दोन प्रश्न राहिले. दुसऱ्या बाळाचा विचार वर्षभरात आहे. आणि शाळेच्या वेळापत्रकात हे कसं बसवू?

रेडिंगकर:

पेनकिलरचं आधी. त्या चाचण्यांतले जवळपास दोन तृतीयांश रुग्ण पेनकिलरचा अतिवापर करणारेच होते, आणि त्यांनाही बोटॉक्सचा फायदा झाला. त्यामुळे काही डॉक्टर आधी गोळी सोडवतात, काही दोन्ही बरोबर करतात. मला आधी कमी करायला लावली होती. पहिला आठवडा फार कठीण जातो, डोकं जास्तच उठतं, त्यामुळे ते शाळेच्या चालू आठवड्यात करू नकोस आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नकोच.

बाळाचं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग. गरोदरपणात बोटॉक्स सहसा देत नाहीत. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो विचार असताना टोपिरामेट पुन्हा सुरू करायचं नाही आणि व्हॅल्प्रोएट हे मायग्रेनचं दुसरं औषधही घ्यायचं नाही, बाळाला अपाय होतो. इकडे तर टोपिरामेटसाठी २०२४ पासून गर्भनिरोधक चालू असल्याशिवाय बायकांना ते देतच नाहीत. सीजीआरपीवरची नवी इंजेक्शनं आहेत, दर महिन्याला पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली घ्यायची, पण तीही बाळाच्या विचारात थांबवायला सांगतात. म्हणजे वर्षभर आहे तर दोन-तीन फेऱ्या बोटॉक्सच्या घेऊन, किती गुण येतो ते बघून, मग पुढचं ठरवता येईल. गरोदरपणात पुष्कळ जणींची अर्धशिशी आपोआप कमी होते, हेही लक्षात ठेव.

वेळापत्रकाचं सोपं आहे. पहिली फेरी मेच्या सुरुवातीला घे. मान जड झाली तरी सुट्टी आहे, आणि जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत औषध लागू पडलेलं असेल. दुसरी जुलैच्या शेवटी येते, ती शनिवारी मिळते का बघ. तिसरी ऑक्टोबरच्या मध्यावर, दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास. पण ती घ्यायची की नाही हे दुसऱ्या फेरीनंतरच्या तुझ्या कॅलेंडरवरून ठरव. आणि खर्चाचा आकडा लेखी माग, व्हायलचा वेगळा आणि टोचण्याचा वेगळा. मेडिक्लेम असेल तर कंपनीला आधी ईमेल करून उत्तर लेखीच घे. फोनवरच्या "हो"वर विसंबू नकोस.

मीनल_नाशिक:

कॅलेंडर आजपासून सुरू केलं, पहिल्याच चौकटीत फुली आणि टिंब. मेच्या पहिल्या आठवड्याची वेळ मागून घेते. बॅच नंबर आणि मानेच्या सुयांचं चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं आहे. डॉक्टर काय म्हणतात ते याच धाग्यावर कळवते.